प्रत्येक येण्याला एक ओळ

लिफ्टवाल्यांच्या ऑफिसातलीच लिफ्ट बंद पडली आणि नेमकी ती आत होती. चौथा मजला सुटून पाचवा यायच्या आत एक गचका बसला, दिवा मिचमिचला, डोक्यावरचा पंखा थांबला. तिनं पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली, एवढंच केलं. बाहेर कुणीतरी हसत ओरडलं, "अरे, कंप्युटरवाल्या मॅडम अडकल्यात, बोलवा कुणाला तरी!" दुसरं कुणी म्हणालं की दारावर आपल्याच कंपनीचं नाव आणि दारच उघडेना, चांगली शोभा झाली. आपण आता घाबरायला हवं, असं तिला वाटलं, म्हणून तिनं जरा वाट पाहिली. भीती काही आली नाही. दाताच्या डॉक्टरानं सुई टोचल्यावर ओठ आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं गेली सहा वर्षं चाललं होतं आणि तिला त्याची तक्रारही नव्हती. ती खाली बसली, पाय लांब केले आणि घड्याळ पाहिलं. दहा वाजून सात मिनिटं. म्हणजे दहा सातला तक्रार नोंदली गेली असणार, आता मिनिटं मोजायला सुरुवात झाली असणार, आणि उद्या सकाळी तिच्याच तक्त्यात एक ओळ वाढणार: मुख्य कार्यालय, लिफ्ट एक, इतकी मिनिटं बंद. आपण आपल्याच तक्त्यात जाऊन बसलोय हे लक्षात आल्यावर तिला हसू यायला हवं होतं. तेही आलं नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं, पण ती ते कुणाला सांगत नसे, कारण दुसऱ्याच वाक्याला समोरच्याचे डोळे भिरभिरायला लागत. शहरभर कंपनीच्या लिफ्ट होत्या, त्या बिघडत, लोक तक्रार करत, मेकॅनिक जाऊन दुरुस्त करत आणि फोनवर 'तक्रार मिटली' असं बटण दाबत. या सगळ्याच्या ओळी तिच्याकडे येत, दिवसाला चार-पाचशे. त्या ओळींचं काहीतरी करून साहेबांना दिसेल असं चित्र काढायचं. तिच्या धंद्यात दोनच प्रश्न असतात: मोजायचं काय आणि वाटायचं कशावर. मिनिटं मोजायची, ती मेकॅनिकवर वाटायची, आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की सरासरी काढ. ते बिचारं सांगाल ते काढतं. मेकॅनिकवर वाटा म्हटलं की मेकॅनिकवर, इमारतींवर म्हटलं की इमारतींवर, वारांवर म्हटलं की सोमवार वेगळा आणि मंगळवार वेगळा. विचारायचं माणसानं. तिनं दोन तिमाह्यांपूर्वी विचारलं होतं की एक तक्रार मिटवायला कोण सरासरी किती वेळ लावतो. उत्तर हिरव्यापासून लालपर्यंत रंगवून साहेबांना दिलं होतं. साहेब खूश झाले होते. मागच्या तिमाहीत त्यांनी तळातल्या तीन लाल रेघा बघितल्या आणि त्या तीन माणसांना घरी बसवलं. त्यातला एक उंच माणूस ओळखपत्र परत द्यायला आला होता तेव्हा चुकून तिच्या टेबलाशी उभा राहिला. "इथेच द्यायचं का?" त्यानं विचारलं. "नाही, पलीकडे," ती म्हणाली होती. आज दुपारी तीन वाजता या तिमाहीचं चित्र साहेबांपुढे ठेवायचं होतं. तळाशी सत्तावीस नंबर होता. तक्रारीमागे एकशे बारा मिनिटं. सगळ्यांत वर असलेल्याची अडतीस.

दार अर्ध्या तासानं उघडलं. मजला कमरेएवढा वर होता. एक स्टूल आत आलं, मागोमाग एक हात. हात जाड होता, नखांत काळं ग्रीस होतं आणि बोटं गरम होती. इतकं मात्र तिला कळलं. वर आल्यावर तिनं पाहिलं तर पन्नाशीचा, बुटका, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस. खिशाला ओळखपत्र. त्याच्यावर सत्तावीस. ती क्षणभर त्या आकड्याकडे बघत राहिली. इतके दिवस हा आकडा म्हणजे पडद्यावरची एक लांब लाल रेघ होती. त्या रेघेला चष्मा असेल असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तो पुन्हा यंत्रखोलीत गेला, वीसेक मिनिटांनी घाम पुसत आला, आणि लिफ्ट चालू झाली. आधी तो एकटाच बराच वेळ खाली-वर करत राहिला. जमलेले लोक पांगले. ती तिच्या टेबलाकडे निघाली तर हा म्हणाला, "ताई, जरा थांबा. तुम्ही अडकला होतात ना, तुम्हीच चला बरोबर. दहा फेऱ्या मारायच्यात."

"दहा?"

"आधी मी एकट्यानं मारतो, मग इमारतीतल्या कुणाला तरी घेऊन. माणूस आत असला की लिफ्ट जरा वेगळी चालते. आणि माणसालाही कळतं, नीट झाली म्हणून. नाहीतर तुम्ही चार दिवस जिन्यानं जाल."

नाही म्हणायला तिला काही कारण सापडलं नाही. दोघं खाली गेले, वर आले. तो पंजा भिंतीला लावून उभा होता, मान एका बाजूला कलती. तिसऱ्या फेरीत त्यानं तिलाही हात लावायला सांगितला. तिनं लावला, पत्रा थंड होता आणि आत कुठेतरी बारीक थरथर होती. फोन त्याच्या वरच्या खिशात दिसत होता. धंद्याची खोड म्हणून तिनं विचारलं, "फोनवर तक्रार मिटवलीत का?"

"अजून कुठे मिटलीय? सातवी फेरी चाललीय."

"बाकीचे काय करतात?"

"बाकीचे हुशार," तो म्हणाला. "वर यंत्र चालू झालं की तिथेच बटण दाबतात आणि पुढच्या कामाला पळतात. परत बिघडली तर परत तक्रार येते, परत दाबतात. वेळ कमी लागलेला दिसतो म्हणे." तो हसला. "मला आपला परत परत यायचा कंटाळा येतो."

नववी फेरी झाली. दहाव्या फेरीत, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी, तो इतका वेळ मनात घोळवलेलं बोलल्यासारखा म्हणाला, "ताई, तुम्ही वरच बसता म्हणून विचारतो. तिथे कंप्युटरवर माझं नाव लाल दिसतं म्हणतात. ते कोण करतं, ठाऊक आहे का तुम्हाला? म्हणजे जाऊन भेटलो असतो."

"नाही," ती म्हणाली. "मला नाही ठाऊक."

त्यानं मान हलवली, फोन काढला आणि बटण दाबलं. अकरा वाजून बावन्न मिनिटं. एकशे पाच मिनिटं, तिच्या डोक्यानं तिला न विचारता वजाबाकी केली.

टेबलावर येऊन तिनं चित्र उघडलं. सत्तावीस नंबरची लाल रेघ होती तिथेच होती. तिला सगळं कळलं होतं. लिफ्टमध्येच, कंटाळा येतो म्हणाला तेव्हाच. तरी तिनं हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि जणू दुसऱ्या कुणाची चूक तपासतेय अशा शांतपणे सुरुवात केली. प्रत्येकाकडे ठरलेल्या वीस लिफ्ट होत्या. तिनं सॉफ्टवेअरला सांगितलं की आधी मेकॅनिक बाजूला ठेव. प्रत्येक लिफ्ट धर, तिमाहीभरात ती एकूण किती मिनिटं बंद होती त्याची बेरीज कर, मग त्या बेरजांची सरासरी मेकॅनिकवर वाट. सूत्र दीड ओळीचं होतं. सहा महिन्यांत ते तिला सुचलं नव्हतं, याचं तिला आश्चर्यही नीट वाटेना. एंटर दाबल्यावर रेघा हलल्या. सत्तावीस नंबरच्या एकतीस तक्रारी, म्हणजे लिफ्टमागे एकशे चौऱ्याहत्तर मिनिटं. ज्याची अडतीस मिनिटांची हिरवी रेघ सगळ्यांत वर होती त्याच्या तक्रारी एकशे चौसष्ट. तीच लिफ्ट आठ-आठदा बिघडत होती आणि तो आठ-आठदा झटपट मिटवत होता. त्याच्या लिफ्ट सरासरी तीनशे बारा मिनिटं बंद होत्या. त्या इमारतींमधली म्हातारी माणसं आठ-आठदा जिन्याकडे वळली असणार. पण तिनं म्हाताऱ्यांना विचारलंच नव्हतं, तिनं तक्रारींना विचारलं होतं. आकडा खोटा नव्हता. वाटणी चुकली होती. मग तिनं मागच्या तिमाहीच्या ओळी काढल्या, तेच सूत्र लावलं आणि तिघांचे नंबर शोधले. एक खरोखरच तळाशी होता. दुसरा मधोमध. तिसरा, तो उंच माणूस, वरून चौथा होता.

तिनं डोळे मिटले. आता काहीतरी वाटेल, असं वाटलं. त्याऐवजी तिला बाबांची खोली दिसली. म्हणजे ती आपणहून गेली नाही तिथे. फळीवरची वस्तू काढताना मागची खाली पडावी तशी ती खोली समोर आली. बाबा दीड वर्ष अंथरुणाला होते. बाबांचं घर तिच्या ऑफिसच्या वाटेवर, दादा परगावी छापखान्यात. सांभाळायला एक बाई ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, कोण कधी आलं-गेलं, काय दिलं, लिहून ठेवत जा. तिनं वही केली. ती लहानपणापासून तशीच. शेंगा सोलताना दाणे मोजायची, जिना चढताना पायऱ्या मोजायची, आणि दादा तिला मोजपट्टी म्हणायचा. वहीत तिनं रेघा आखल्या. प्रत्येक येण्याला एक ओळ. ती ऑफिसातून सुटली की जायची, एरवी महिन्याकाठी एकदा, दादा आलेला असला की बहुतेक रोज; चप्पल दाराशीच काढायची, बाबांच्या कपाळाला हात लावायची, औषधांची डबी बघायची, बाईला दोन सूचना द्यायची आणि वीस मिनिटांत बाहेर. एक ओळ. दादा यायचा तो पिशवी घेऊन यायचा. एक ओळ. बाबा गेले आणि आठवड्यानं खोली आवरायला सगळे जमले, तेव्हा दादा म्हणाला, "त्यांची खुर्ची मी नेली तर चालेल का गं?" साधं विचारलं होतं. हातात झाडू होता त्याच्या. आणि ती, आत्या उभी असताना, दोन शेजारणी उभ्या असताना, वही न उघडता म्हणाली होती, "दीड वर्षात मी एक्केचाळीस वेळा आले. तू नऊ वेळा. कुणी न्यायची तूच ठरव." दादानं झाडू भिंतीला टेकवला. आत्या म्हणाली, "जाऊ दे ना, आता काय मोजताय." दादा त्या संध्याकाळच्याच गाडीनं गेला. खुर्ची तिच्याकडे आली. तिच्यावर धुतलेले कपडे पडतात. सहा वर्षांत दादाचे दोन फोन आले, दोन्ही कागदावर सही हवी म्हणून.

तिनं कागद घेतला. सूत्र तेच. ओळी नकोत, आधी बेरीज. एक्केचाळीस गुणिले वीस, आठशे वीस मिनिटं. तेरा तास चाळीस मिनिटं. दीड वर्षात. दादाची पहिली खेप सहा दिवसांची होती, त्या वेळी बाबांना ताप होता. दुसरी चार, मग तीन, मग पुन्हा चार. आठवायला तिला काही कष्ट पडले नाहीत, सगळं तिच्याकडे होतंच, फक्त ते तिनं कधी बेरजेत घेतलं नव्हतं. छत्तीस दिवस. तो आला की सांभाळणाऱ्या बाईला सुट्टी दिली जायची, म्हणजे छत्तीस दिवस आणि छत्तीस रात्री, चादरी, भांडी, कूस बदलणं, सगळं. तिनं कागदावर एकाखाली एक दोन आकडे लिहिले. अक्षर नेहमीचंच. तिला लाज वाटली. ती कुठून तरी लांबून आली, पण आली, आणि लाज आहे हे तिनं ओळखलं.

तीन वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली. ती काचेची खोली होती, आत थंडगार. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त दर तीन महिन्यांनी तीन माणसं कमी करायला सांगितलेलं होतं आणि ती कशी निवडली हे वर दाखवता आलं की त्यांना झोप लागत असे. तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि समजावलं. साहेबांना लवकर कळलं.

"म्हणजे जुना आकडा चूक होता?"

"आकडा बरोबर होता, साहेब. मी तक्रारींवर सरासरी काढली. लिफ्टवर आधी बेरीज करायला हवी होती."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही तेच. तिघांतले दोघं जायला नको होते. एक तर चांगल्यांतला होता."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "मॅडम, गेले ते गेले. त्यांना परत बोलवायचं म्हणजे आपण चुकलो असं होईल."

"आपण चुकलोच."

"तुम्ही चुकलात."

"हो," ती म्हणाली. "मी."

त्यांना बहुधा वादाची अपेक्षा होती. त्या 'हो'नं ते जरा खट्टू झाले. "ठीक आहे. मग नव्या पद्धतीनं तळातले तीन द्या." ते तीन म्हणजे सकाळपर्यंतचे सगळ्यांत हिरवे. तिनं नंबर द्यायला तोंड उघडलं, आणि ते नंबर तिला नखांसकट दिसायला लागले. "साहेब, त्यांनी आपण मोजत होतो तेच केलं," ती म्हणाली. "झटपट मिटवा म्हटलं, त्यांनी मिटवलं. आता मोजणार काय ते आधी सांगू, मग तीन महिन्यांनी बघू." साहेबांनी घड्याळ पाहिलं. वर पाठवायला नवी पद्धत आहे, म्हणजे एक तिमाही ढकलता येईल, एवढा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसला. "ढकलू या," ते म्हणाले. सत्तावीस नंबर वाचला. त्याला हे कुणी सांगणार नव्हतं. तो आता कुठल्या तरी इमारतीत पंजा भिंतीला लावून उभा असेल. जागेवर येऊन तिनं माणसं नेमणाऱ्या विभागाला पत्र लिहिलं: मागच्या तिमाहीत अमुक दोन नंबर माझ्या चुकीमुळे तळाशी आले, त्यांना परत घ्यावं, जबाबदारी माझी. साहेबांना न विचारता पाठवलं. चार मिनिटांत उत्तर आलं, नोंद घेतली आहे. त्यापुढे काही नव्हतं. ती तो उंच माणूस आता कुठे उभा असेल याचा विचार करत बसली आणि तिला फक्त त्याची ओळखपत्र धरलेली बोटं आठवली.

साडेचारला ती बाटली न घेताच उठली आणि जिन्यात गेली. जिन्यात कुणी नसतं. भिंतीला नवा रंग दिलेला होता, त्याचा वास डोक्यात जात होता. परक्या माणसापुढे 'मी चुकले' म्हणणं इतकं सोपं निघालं याचा तिला राग आला. तिनं दादाचा नंबर लावला. पाच वेळा वाजला. मागे छापखान्याचा खडखडाट.

"हॅलो."

"दादा, मी बोलतेय."

खडखडाट कमी झाला; दादा बाहेर आला असावा. "बोल. काय झालं? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. काही झालं नाही." तिला पुढचं एकदम म्हणता येईना, म्हणून तिनं तिला येत होतं तेच केलं. "दादा, तू बाबांकडे नऊ वेळा आला होतास ना, ते छत्तीस दिवस होतात. मी आज मोजले. माझे सगळे मिळून तेरा तास चाळीस मिनिटं. चौदासुद्धा नाहीत."

दादा नाकातून हसला. "तू काही सुधारायची नाहीस."

"मी तेव्हा जे बोलले..."

"अगं, तुझी ती वीस मिनिटं," दादा म्हणाला, तिचं वाक्य ऐकलंच नसल्यासारखा, "त्यावर माझा दिवस चालायचा. बाबांना एकटं सोडून न्हाणीची कडी लावता यायची नाही, त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला होता. म्हणून तुझी वाट बघायचो. पाचला पाणी तापवून ठेवायचो. तू चप्पल काढलीस की मी आत."

तिला आठवलं. ती आली की दादा उठून आत जायचा, पाण्याचा आवाज यायचा, आणि बाहेर येईपर्यंत तिची निघायची वेळ झालेली असायची. ती बाबांजवळ उभी राहून मनात म्हणायची, बघा, बहीण आली तर चार शब्द बोलायला नकोत याला. घरी जाऊन ती तेच पुन्हा पुन्हा उगाळायची.

"एकदा तू दोन दिवस आलीच नव्हतीस," दादा म्हणाला. "ऑफिसात काहीतरी होतं तुझं."

"मग?"

"मग काय. नाही केली अंघोळ."

ती पायरीवर बसली. ओठ दुखायला लागले तेव्हा तिला कळलं की ती ते दातांखाली धरून बसली आहे, आणि ते तिचेच आहेत. खाली कुठेतरी दार आपटलं. दादा फोन ठेवत नव्हता. त्याच्यामागे कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो "आलो, आलो" म्हणाला, पण गेला नाही.

"मी शनिवारी येऊ का?" तिनं विचारलं.

"ये की. विचारतेस काय." मग जरा थांबून, सावधपणे, "राहणार किती?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. परतीची गाडी, सोमवारची मीटिंग, सगळं तिला पाठ होतं. पण आकडा काही बाहेर पडेना.

"दादा," ती म्हणाली, "मला ठेवून घे थोडे दिवस."